लिनक्सवर स्क्रीन १०२४×७६८ च्या पुढे जात नाही: आधी वायर बघा, मग कमांड

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शाळेच्या लॅबमध्ये बारा जुन्या मशीनवर तुम्ही लिनक्स मिंट टाकलंत. मॉनिटर सगळे एकाच मॉडेलचे, १९२०×१०८० चे आणि त्यांना फक्त व्हीजीए सॉकेट. सात मशीन झकास चालतात. पाचांवर मात्र डिस्प्ले सेटिंगच्या यादीत १०२४×७६८ च्या वर काहीच दिसत नाही. त्यातली तीन सरळ व्हीजीए वायरवर आहेत आणि दोघांना एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लावलाय. इंटरनेटवर सापडलेल्या एक्सरँडरच्या (पडद्याचं रिझोल्यूशन दाखवणारा आणि बदलणारा प्रोग्रॅम) तीन कमांड तुम्ही चालवल्या. पहिल्या तिघांवर काम झालं, पण रीस्टार्ट केलं की पुन्हा जैसे थे. कन्व्हर्टरवाल्या दोघांवर तर "कॉन्फिगर सीआरटीसी ० फेल्ड" असं उत्तर आलं. आता या कमांड कायमच्या कशा करायच्या, असं विचारताय.

कायमच्या कशा करायच्या ते सांगतो, पण शेवटी. कारण माझ्या मते तुम्हाला त्या कमांडची गरजच पडू नये. एकच मॉनिटर, एकच मिंट, सात ठिकाणी चालतं आणि पाच ठिकाणी नाही, तर दोष मिंटमध्ये शोधण्यात अर्थ नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? यादीत १९२०×१०८० का नाही हे आधी शोधायचं.

एक खुलासा करून ठेवतो. खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे, सगळं छोट्या अक्षरांत. फक्त व्हीजीए, एचडीएमआय ही पोर्टची नावं मोठ्या अक्षरांत.

मॉनिटर कोणकोणती रिझोल्यूशन झेपवू शकतो हे लिनक्स स्वतः ठरवत नाही, ते मॉनिटरच सांगतो. त्याच्या पोटात एक छोटी मेमरी असते आणि तिच्यात ईडीआयडी नावाची १२८ बाइटची कुंडली लिहिलेली असते: कंपनीचा तीन अक्षरी कोड, काचेची लांबीरुंदी सेंटिमीटरमध्ये, कुठली रिझोल्यूशन चालतात आणि मूळचं कुठलं. एचडीएमआयवाल्या मॉनिटरमध्ये याला आणखी १२८ बाइटची पुरवणी जोडलेली असते. सुरू होताना ग्राफिक्स कार्ड ही कुंडली मागतं, कर्नल (लिनक्सचा गाभा) ती वाचतो आणि सेटिंगमधली यादी तिच्यावरून बनते. मॉनिटर जोडलेला आहे एवढं कळलं पण कुंडली हाती आली नाही, तर कर्नल सावध पवित्रा घेतो आणि १०२४×७६८ पर्यंतचीच रिझोल्यूशन देतो. हा आकडा कर्नलच्या कोडमध्येच लिहिलेला आहे. त्यामुळे यादी बरोबर १०२४×७६८ वर तुटलेली दिसली की माझा पहिला संशय मॉनिटरची ओळख पटली नसल्याचा असतो.

आता व्हीजीएची गोम बघा. त्या प्लगमध्ये १५ पिना असतात. लाल, हिरवा, निळा हे तीन रंग १, २, ३ वरून जातात, आडवा-उभा ताळमेळ १३ आणि १४ वरून. चित्र दिसायला (अर्थिंग सोडलं तर) एवढं पुरतं. कुंडली मात्र १२ आणि १५ या पिनांवरून येते. म्हणजे १२ किंवा १५ ची तार तुटली तरी चित्र स्वच्छ, रंग ठीक, सगळं उत्तम, आणि वायरवर कुणी संशयच घेत नाही! स्वस्तातल्या काही वायरींमध्ये या तारा मुळात ओढलेल्याच नसतात. जुन्या वायरींमध्ये पिन वाकून आत गेलेली असते, कारण लॅबमध्ये मुलं प्लग तिरका घालतात आणि जोर लावतात.

प्लगकडे समोरून बघा. पाच-पाच पिनांच्या तीन ओळी दिसतील. अरुंद बाजूची ओळ ११ ते १५ ची. तिच्या एका टोकाकडून दुसरी ती १२ आणि दुसऱ्या टोकाची शेवटची ती १५. मधल्या ओळीतली ९ नंबरची पिन पुष्कळ वायरींत नसतेच, तिच्यामुळे घाबरू नका. १२ आणि १५ दिसल्या तरी आतून तार जोडलेली असेलच असं नाही. मल्टिमीटर असेल तर दोन्ही टोकांत कंटिन्यूइटी (तार सलग आहे का ते) तपासा. नसेल तर त्याहून सोपं: चांगल्या मशीनची वायर काढून बिघडलेल्याला लावा, बिघडलेल्याची चांगल्याला, आणि दोन्ही रीस्टार्ट करा. आजार वायरबरोबर सरकला तर प्रश्न संपला. पाच मिनिटांचं काम आहे.

हे मी अनुभवाने सांगतोय. एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात मी जवळजवळ तीन तास ड्रायव्हर काढत-घालत बसलो होतो. कर्नल बदलला, ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) हात घातला, सगळं झालं. शेवटी टेबलाखाली वाकलो तर मॉनिटर लांब सरकवण्यासाठी कुणीतरी दोन व्हीजीए वायरी जोडून मध्ये एक जॉइंटर घातलेला. जॉइंटर काढला आणि १९२०×१०८० आपोआप आलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी माझी गत झाली होती. तेव्हापासून मी आधी टेबलाखाली जातो. मॉनिटर स्विच, स्प्लिटर, जॉइंटर, कन्व्हर्टर, मध्ये जे काही असेल ते काढून एकदा मशीन थेट मॉनिटरला जोडून बघायचं.

वायर बदलूनही फरक पडला नाही, तर टर्मिनल उघडा आणि फक्त एवढं द्या:

एक्सरँडर

उत्तरात तीनपैकी एक चेहरा दिसेल.

पहिला: "व्हीजीए-१ कनेक्टेड" असं नाव नीट आलंय, पण त्या ओळीच्या शेवटी मापं "०एमएम × ०एमएम" अशी आहेत. काचेचं माप कुंडलीतूनच येतं. ते शून्य, म्हणजे ड्रायव्हर जागेवर आहे पण कुंडली मिळालेली नाही. तुमच्या तीन व्हीजीएवाल्या मशीनवर हेच दिसेल असा माझा अंदाज आहे.

दुसरा: नावाच्या जागी "डिफॉल्ट" किंवा "नन-१" असं काहीतरी आलंय, कदाचित वर "फेल्ड टू गेट साइझ ऑफ गॅमा" अशी तक्रारही आहे. इथे कुंडलीचा काही संबंध नाही. ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर चढलेलाच नाही आणि बायोसने लावून दिलेल्या पडद्यावर सगळं चाललंय.

तिसरा: माप शून्य नाही, पण यादी तोकडी आहे. कुंडली मिळाली, पण ती तुमच्या मॉनिटरची नाही. कन्व्हर्टरवाल्यांकडे मी अशा वेळी बघतो.

पहिल्या चेहऱ्याची खात्री करायला कर्नललाच विचारा:

कॅट /सिस/क्लास/डीआरएम/कार्ड०-व्हीजीए-१/ईडीआयडी | डब्ल्यूसी -सी

काही मशीनवर कार्ड० च्या जागी कार्ड१ असेल. उत्तर १२८ किंवा २५६ आलं तर कुंडली पोचली. ० आलं तर नाही. ही फाइल एलएस (फायलींची यादी दाखवणारी कमांड) लावून बघू नका, तिथे तिचं माप नेहमीच शून्य दिसतं. यात मी स्वतः एकदा फसलोय. बाइट आले पण कर्नलने ते नाकारले, असंही होतं. कुंडलीची सुरुवात एका शून्य बाइटने, मग सहा बाइट एफएफ, मग पुन्हा शून्य अशी ठरलेली असते आणि सगळ्या १२८ बाइटांच्या बेरजेला २५६ ने पूर्ण भाग जावा लागतो. लांब किंवा सैल वायरीत एखादा बिट उलटला की बेरीज चुकते. तेव्हा "सुडो डीमेसेज | ग्रेप -आय ईडीआयडी" दिलं की चेकसम चुकल्याची ओरड दिसते. इलाज पुन्हा वायरच.

एक बारीकसं कारण आपल्याकडे वारंवार दिसतं. वीज जाते, मशीन यूपीएसवर आणि मॉनिटर थेट भिंतीवरच्या बोर्डावर. मॉनिटर बंद असताना मशीन रीस्टार्ट झालं तर काही मॉनिटर त्या वेळी कुंडली देत नाहीत आणि यादी तोकडी राहते. मॉनिटर चालू ठेवून एकदा रीस्टार्ट केलं की झालं.

दुसऱ्या चेहऱ्याबद्दल. "कॅट /प्रोक/सीएमडीलाइन" द्या आणि त्या ओळीत "नोमोडसेट" हा शब्द शोधा. इन्स्टॉल करताना काळा पडदा आला म्हणून कुणीतरी तो टाकायला सांगतं, इन्स्टॉल होतं आणि शब्द तिथेच राहून जातो. तो आहे तोवर इंटेल, एएमडी, नुव्हो (एनव्हिडिया कार्डांसाठीचा मुक्त ड्रायव्हर) यांपैकी कुठलाच ड्रायव्हर पडद्याचा ताबा घेत नाही. "/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब" या फाइलमधून तो काढा, "सुडो अपडेट-ग्रब" चालवा आणि रीस्टार्ट करा. शब्द नसेल तर "एलएसपीसीआय -के" च्या उत्तरात व्हीजीएच्या खाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" ही ओळ आहे का ते बघा. इंटेलला तिथे आय९१५ हवं. एनव्हिडियाचं जुनं कार्ड असेल तर कर्नल अपडेटनंतर कंपनीचा ड्रायव्हर नव्याने बनला नाही, किंवा सिक्युअर बूटने (सही नसलेला ड्रायव्हर अडवणाऱ्या सोयीने) त्याला आत घेतलं नाही, ही दोन नेहमीची कारणं. फार जुन्या कार्डांसाठी लागणारी ३४० मालिका तर २०१९ नंतर पुढे सरकलेलीच नाही. अशा कार्डावर मी कंपनीचा ड्रायव्हर सरळ काढून टाकतो आणि नुव्होवर समाधान मानतो. शाळेच्या कामाला तो पुरतो.

आता कन्व्हर्टरवाली दोन मशीन, कारण खरी मजा तिथे आहे. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर हा मधला दलाल असतो. मॉनिटरची कुंडली वाचून ती पुढे द्यायची हे त्याचं काम. पण त्याच्यापासून मॉनिटरपर्यंतची व्हीजीए वायर सदोष असेल तर काही कन्व्हर्टर स्वतःच्या पोटातली ठोकळेबाज कुंडली पुढे करतात. "ईडीआयडी-डिकोड" हे पॅकेज घालून ती वाचा. मॉनिटरच्या नावाच्या जागी भलतंच नाव निघालं तर दलालाची लबाडी उघड झाली.

मग तुमची कमांड तिथे फेल का झाली? तुम्ही "सीव्हीटी १९२० १०८० ६०" (रिझोल्यूशनची मापं काढून देणारी कमांड) चालवून मिळालेली ओळ वापरलीत, असं धरतो. ती ओळ १७३ मेगाहर्ट्‌झचा पिक्सेल क्लॉक मागते. पिक्सेल क्लॉक म्हणजे सेकंदाला किती ठिपके पाठवायचे तो आकडा. १९२०×१०८० एवढेच ठिपके दिसत असले तरी प्रत्येक ओळीच्या आणि प्रत्येक चित्राच्या शेवटी थोडा रिकामा वेळ सोडावा लागतो. सीव्हीटी हा रिकामा वेळ जुन्या पिक्चर ट्यूबच्या हिशेबाने सढळ हाताने सोडतं: ओळीला २५७६, चित्राला ११२० ओळी. टीव्ही-मॉनिटरवाल्यांचं नेहमीचं माप २२०० आणि ११२५ आहे. २२०० × ११२५ × ६० म्हणजे बरोबर १४८.५ मेगाहर्ट्‌झ.

व्हीजीएवर १७३ चालून जातं. एचडीएमआय पोर्टवर मात्र कुंडलीत एचडीएमआयची पुरवणी नसेल तर ड्रायव्हर समोरच्याला साधा डीव्हीआय (एचडीएमआयच्या आधीचा डिजिटल पोर्ट) समजतो आणि सिंगल लिंक डीव्हीआयची मर्यादा १६५ मेगाहर्ट्‌झ आहे. १७३ मागितले, १६५ ची परवानगी, म्हणून नकार. म्हणजे रिझोल्यूशन झेपत नव्हतं असं नाही, तुमची ओळ उधळी होती. तिच्या जागी ही द्या, सगळी एका ओळीत:

एक्सरँडर --न्यूमोड फुलएचडी १४८.५ १९२० २००८ २०५२ २२०० १०८० १०८४ १०८९ ११२५ +एचसिंक +व्हीसिंक

मग "एक्सरँडर --अॅडमोड एचडीएमआय-१ फुलएचडी", आणि शेवटी "एक्सरँडर --आउटपुट एचडीएमआय-१ --मोड फुलएचडी". पोर्टचं नाव तुमच्या उत्तरात जसं आलं असेल तसंच लिहायचं. एकच न्यूमोड दुसऱ्यांदा चालवलंत तर "बॅडनेम" म्हणून एरर येतो आणि पुढे रंग किंवा फॉन्ट अस्तित्वात नाही असलं काहीतरी म्हणतो. रंगाचा आणि फॉन्टचा इथे सुतराम संबंध नाही. त्या नावाचा मोड आधीच आहे, एवढाच त्याचा अर्थ.

स्क्रीन काळी पडेल अशी भीती असेल तर शेवटच्या कमांडपुढे अर्धविराम देऊन "स्लीप १५", पुन्हा अर्धविराम आणि जुन्या मोडवर परतण्याची कमांड, असं एकाच ओळीत लिहा. काहीच दिसलं नाही तरी पंधरा सेकंदांत गाडी मूळ जागी येते. एलसीडी मॉनिटर न झेपणारा सिग्नल आला की "आउट ऑफ रेंज" दाखवून गप्प बसतो, जळत नाही.

वायर बदलणं आज शक्य नाही, मुलांची परीक्षा उद्यावर आहे, असं असेल तर आता ते कायमचं करण्याचं. एक्सरँडरने केलेला बदल चालू सेशनपुरताच असतो. लोक तो लॉगिननंतर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये टाकतात, पण मग लॉगिनची स्क्रीन जुन्याच मापात येते आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या खात्यात स्क्रिप्ट ठेवत बसावं लागतं. त्यापेक्षा "/ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ.डी" या फोल्डरमध्ये (एक्स११ मधला एक्स मोठा; फोल्डर नसेल तर बनवा) "१०-मॉनिटर.कॉन्फ" नावाची फाइल करा:

सेक्शन "मॉनिटर"
आयडेंटिफायर "व्हीजीए-१"
मोडलाइन "फुलएचडी" १४८.५ १९२० २००८ २०५२ २२०० १०८० १०८४ १०८९ ११२५ +एचसिंक +व्हीसिंक
ऑप्शन "प्रिफर्डमोड" "फुलएचडी"
एंडसेक्शन

आयडेंटिफायर आणि पोर्टचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. सगळा खेळ तिथे आहे.

याहून नेटका उपाय तुमच्याकडे सात चांगली मशीन आहेत म्हणून शक्य आहे. व्हीजीएवरच्या चांगल्या मशीनमधून वर सांगितलेली ईडीआयडी फाइल कॉपी करा, बिघडलेल्या मशीनमध्ये "/लिब/फर्मवेअर/ईडीआयडी" या फोल्डरात "मॉनिटर.बिन" म्हणून ठेवा आणि ग्रबच्या ओळीत "डीआरएम.ईडीआयडी_फर्मवेअर=व्हीजीए-१:ईडीआयडी/मॉनिटर.बिन" जोडा. कर्नल मॉनिटरला विचारण्याऐवजी ही प्रत वाचतो आणि यादी आपोआप पूर्ण होते. मोडलाइनची भानगडच नाही. ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमधून (सुरुवातीलाच मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइल-गठ्ठ्यातून) लवकर चढत असेल तर ही फाइल तिथेही घालावी लागते, नाहीतर कर्नलला ती वेळेवर सापडत नाही. आणि एक: पोर्टची नावं कर्नलमध्ये आणि एक्सरँडरमध्ये थोडी वेगळी असू शकतात. एक्सरँडर ज्याला एचडीएमआय-१ म्हणतं ते कर्नलकडे एचडीएमआय-ए-१ असतं. इथे कर्नलचं नाव लागतं.

हे सगळं मिंटसाठी, कारण तिथे सेशन एक्सऑर्गवर (पडद्यावर चित्र उमटवणारी जुनी यंत्रणा) चालतं. घरी उबुंटू वापरत असाल तर आधी "एको $एक्सडीजी_सेशन_टाइप" देऊन बघा (डॉलरनंतरचं नाव सगळं मोठ्या अक्षरांत). वेलँड (एक्सऑर्गच्या जागी आलेली नवी यंत्रणा) आलं तर एक्सरँडर यादी दाखवेल पण नवा मोड जोडू देणार नाही, आणि वरची एक्सऑर्गची फाइलही कुणी वाचणार नाही. उबुंटू २५.१० पासून नोमवर (उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर) एक्सऑर्गचं सेशनच उरलेलं नाही. ईडीआयडीची प्रत देण्याचा मार्ग मात्र तिथेही चालतो, कारण तो कर्नलच्या पातळीवरचा आहे.

तुम्ही ओघात लिहिलंय की एका चांगल्या मशीनवर अक्षरं बारीक दिसतात म्हणून सरांनी रिझोल्यूशन १२८०×७२० केलंय. ते परत १९२०×१०८० वर न्या आणि फॉन्ट वाढवा, सिनॅमनमध्ये (मिंटच्या डेस्कटॉपमध्ये) "टेक्स्ट स्केलिंग" १.२ किंवा १.३ करा. एलसीडीच्या काचेत ठिपके मोजून बसवलेले असतात. त्याहून कमी रिझोल्यूशन दिलं की एक ठिपका दीड ठिपक्यात पसरतो आणि देवनागरीच्या मात्रा-अनुस्वार आधी पुसट होतात. डोळ्यांना आराम द्यायला गेलात आणि त्रास वाढवलात, असं होतं.

वर्गातल्या मोठ्या टीव्हीवर कडा कापल्या जातात असंही तुम्ही म्हणालात. तो दोष लिनक्सचा नाही. टीव्हीच्या चित्र-सेटिंगमध्ये "जस्ट स्कॅन", "स्क्रीन फिट" किंवा "१:१" असा पर्याय शोधा.

उद्या लॅबमध्ये गेलात की पाचही मशीनच्या वायरी चांगल्या मशीनच्या वायरींशी अदलाबदल करा. तरीही जी अडतील त्यांच्यावर एक्सरँडरच्या पहिल्या दोन-तीन ओळी आणि ईडीआयडीचे किती बाइट आले तो आकडा मला कळवा. कन्व्हर्टरवाल्यांचं ईडीआयडी-डिकोडमधलं नावही लिहा.